मदत हवी आहे: कॉलेज सुरू व्हायच्या आधीच बदली, इन-स्टेट फी (राज्याच्या रहिवाशांना लागणारी कमी फी) मिळेल का?

नवरा अमेरिकन आर्मीत, ॲक्टिव्ह ड्यूटी. सध्या कोलोरॅडोत फोर्ट कार्सनला आहोत. मुलीला इथल्याच एका सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळालाय, डिपॉझिट भरलंय. आता नवऱ्याची पीसीएस ऑर्डर (कायमस्वरूपी बदलीचा आदेश) हातात पडली: वॉशिंग्टन राज्यात, हजर व्हायचं १० ऑगस्टला. वर्ग सुरू २४ ऑगस्टला. मधले चौदा दिवस नडतायत!

२००८ च्या केंद्रीय कायद्याने ड्यूटी स्टेशन (नेमणुकीचं ठिकाण) असलेल्या राज्यात मुलांना इन-स्टेट फी मिळते आणि नंतर बदली झाली तरी शिक्षणात खंड पडेपर्यंत ती टिकते, एवढं वाचलंय. पण ती ‘एनरोल’ झालेल्यांसाठी. मुलगी नक्की एनरोल कधी धरायची? विद्यापीठाच्या रेसिडेन्सी ऑफिसला (कोण रहिवासी ते ठरवणाऱ्या) दोनदा फोन केला. एकीने सांगितलं, विषयांची नोंदणी झाली की झालं. दुसरी म्हणाली, वर्गाच्या पहिल्या दिवशी वडील कुठे ते बघू. लेखी द्यायला दोघीही तयार नाहीत. फॉर्मवरही ‘पालकाचं सध्याचं ड्यूटी स्टेशन’ एवढाच रकाना, तारखेला जागाच नाही.

मुलगी १८ वर्षांची, आमच्यावर अवलंबून, नागरिक आहे. नवऱ्याच्या एलईएसवर (पगारपत्रकावर) रहिवासाचं राज्य टेक्सास आहे, म्हणून कोलोरॅडोचे रहिवासी असं म्हणता येत नाही. जीआय बिल (सैनिकांना मिळणारा शिक्षणाचा लाभ) तिच्या नावावर केलेलं नाही, तो मार्ग नको.

प्रवेश आणि वर्ग यांच्यामध्ये बदली आलेलं कुणी आहे का? जूनमध्येच विषयांची नोंदणी केली तर चालतं का, आणि कोणता कागद दाखवून मान्य करून घेतलंत?