१९५७ ची बेल एअर: किमतीआधी दाराच्या खांबावरची पट्टी बघा

विक्रीला आलेल्या एका १९५७ च्या शेव्हरोले बेल एअरबद्दल, म्हणजे या जुन्या अमेरिकी गाडीबद्दल, सगळी चर्चा किमतीवर आणि रंगावरच चालली आहे. गाडी देखणी आहेच, पण पैसे मोजण्याआधी चालकाच्या बाजूच्या दाराचा खांब बघा. तिथल्या पट्टीवरचा नंबर ‘व्हीसी५७’ने सुरू होत असेल, तर ती मुळातच व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाची बेल एअर. नुसतं ‘सी५७’ असेल तर कारखान्यातून सहा सिलिंडरची निघालेली. आणि ‘व्हीबी५७’ दिसलं तर ती शेव्हरोलेचीच स्वस्तातली ‘टू-टेन’, वरून बेल एअरच्या सजावटीच्या पट्ट्या चढवलेली. असा साज चढवणं अवघड नाही, कारण सुटे भाग आजही नवे मिळतात.

विक्रेता ‘मॅचिंग नंबर्स’, म्हणजे इंजिन याच गाडीचं मूळचं, असं म्हणतोय, ते मला पटत नाही. त्या वर्षी शेव्हरोलेच्या व्ही-८ इंजिनावर गाडीचा नंबर कोरतच नसत. कारखाना, जुळणीची तारीख आणि इंजिनाचा प्रकार एवढंच असे. म्हणजे २८३ घनइंचाचं इंजिन त्या काळातलं आहे इतकंच सिद्ध होईल, याच गाडीचं आहे हे नाही.

गंज मात्र नीट शोधा. फरशी, डिकीचा तळ, दाराखालचे पत्रे, हेडलाइटच्या वरची कड. लोहचुंबक फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली असते. रिस्टोरेशन, म्हणजे गाडी पुन्हा पहिल्यासारखी करण्याचं काम, चालू असतानाचे, उघड्या पत्र्याचे फोटो मागाच. ते नसतील तर मी तरी या किमतीला घेणार नाही.