शब्दचर्चा : रयत, प्रजा, जनता, कास्तकार

प्रश्न (सक्करदरा, नागपूर)

नमस्कार मंडळी. शिवजयंतीची पत्रिका लिहिताना आमच्या मंडळात वाद झाला. मी 'रयतेचा राजा' लिहिलं होतं. एका सरांनी ते खोडून 'प्रजेचा राजा' केलं. रयत हा परका शब्द आहे असं त्यांचं म्हणणं. मंडळातली तरुण मुलं म्हणतात, 'जनतेचा राजा' घाला, ते सगळ्यांना कळतं. तिन्हींचा अर्थ एकच आहे का? जुन्या वाङ्मयात यांतले कोणते शब्द सापडतात, तेही कोणी सांगावं.

उत्तर (महाल, नागपूर)

ताई, अर्थ एकच नाही. माणसं तीच असतील, पण सत्तेशी त्यांचं नातं प्रत्येक शब्द निराळं सांगतो. म्हणून कोणताही एक काढून दुसरा बसवता येत नाही.

आधी 'प्रजा' घेऊ. प्र + जन्, म्हणजे जन्माला येणं. मूळ अर्थ संतती, लेकरं. 'सुप्रजा' या शब्दात तो अजून शिल्लक आहे. लोकांना प्रजा म्हटलं की राजा आपोआप बाप होतो. 'रघुवंशा'च्या पहिल्याच सर्गात कालिदास दिलीप राजाबद्दल म्हणतो : 'स पिता पितरस्तासां केवलं जन्महेतवः'. प्रजेला शिस्त लावणं, तिचं रक्षण, तिचं पोषण हे सगळं राजा करायचा, म्हणून खरा बाप तोच. ज्यांनी जन्म दिला ते नुसते जन्माचे निमित्त. ओळ देखणी आहे, पण या स्तुतीत घरातला बाप बाजूला सारला गेला आहे, हेही वाचताना दिसायला हवं. त्याच सर्गात करांबद्दलचा प्रसिद्ध श्लोक आहे : सूर्य पाणी शोषतो ते हजारपटीने परत देण्यासाठी, तसाच राजा प्रजेच्या भल्यासाठीच कर घेई. कर देणाऱ्याचं यावर काय म्हणणं होतं, ते त्या काव्यात येत नाही.

आता 'रयत'. अरबी 'रइय्यत', फारसीतून मराठीत आलेला. मुळाशी गुरं चारण्याचा, राखण्याचा धातू आहे. रयत म्हणजे राखलेला कळप, आणि राजा म्हणजे राखणारा. मराठीत रुळताना या शब्दाला मातीचा वास लागला. जुन्या कागदपत्रांत रयत बहुतेक वेळा नांगर, बैल, पीक आणि वसुली यांच्या सोबतीनं येते. जमीन कसणारा आणि सारा भरणारा, असा तिचा अर्थ घट्ट झाला.

'जनता' हा अलीकडचा शब्द असेल असं अनेकांना वाटतं. तसं नाही. पाणिनीचं सूत्रच आहे : 'ग्रामजनबन्धुभ्यस्तल्'. जन + ता, म्हणजे जनांचा समूह. या शब्दाच्या घडणीत बापही नाही, गुराखीही नाही. राजा असो वा नसो, जनता असतेच. म्हणूनच 'जनतेचा राजा' कानाला खटकतं. जनता राजाला निवडते किंवा घालवते, ही आपली आजची समजूत त्या शब्दात शिरली आहे आणि १७ व्या शतकाला ती चिकटवता येत नाही.

माझं मत : 'रयतेचा राजा'च ठेवा. व्याकरणाचंही सांगून ठेवतो. रयत स्त्रीलिंगी, समूहवाचक, आज एकवचनात चालणारा शब्द आहे : रयत सुखावली, रयतेला, रयतेचा. 'रयताचा' लिहू नका.

शंका (पुण्याहून)

दादा, मग परकेपणाचं काय? खुद्द शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी शब्द काढण्यासाठीच ना? त्यांच्याच जयंतीच्या पत्रिकेवर अरबी शब्द का?

उत्तर (महाल, नागपूर)

कोशाचा हेतू खरा आहे. रघुनाथ पंडितांच्या नावाशी जोडलेल्या त्या कोशात दरबारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, आणि १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास अष्टप्रधानांची नावं बदलली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती, पेशव्याचा पंतप्रधान. पण पुढे पाहा. लोकांच्या तोंडी पेशवा पेशवाच राहिला. आमच्या नागपूरकर भोसल्यांना छत्रपती शाहूंकडून मिळालेला किताब 'सेनासाहेबसुभा' : सेना संस्कृत, साहेब आणि सुभा अरबी. कोशानंतर काही दशकांतच छत्रपतींच्या गादीवरून असा सरमिसळ किताब निघाला आणि कोणाला तो विचित्र वाटला नाही. उलट सचिव आणि पंतप्रधान हे कोशातले शब्द खऱ्या अर्थानं सर्वांच्या तोंडी आले ते विसाव्या शतकात, राजे गेल्यावर. एवढ्या समर्थ राजालाही पदांची नावं ठरवता आली, पण लोकांच्या जिभेला हुकूम देता आला नाही.

शिवाय महाराजांच्या कारभाराचा जो भाग मला सर्वांत मोठा वाटतो, तो याच मिश्र मराठीत लिहिलेला आहे. १६७६ मध्ये प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठवलेलं पत्र मिळवून वाचा. 'भाजीच्या देठासही मन न दाखविता' वाग, ही त्यातली ताकीद सगळ्यांना ठाऊक असते; पुढचा मजकूर फारसा कोणी सांगत नाही. ज्याच्याकडे माणूसबळ आहे पण बैल नाहीत, पोटाला दाणे नाहीत, त्याला बैलांसाठी रोख पैसे द्या, खंडी-दोन खंडी धान्य द्या, आणि नंतर वाढीदिडी, म्हणजे व्याजाची वाढ, न लावता फक्त मुद्दल, तेही त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू वसूल करा, असा तो हुकूम आहे. 'वाढीदिडी' या एका शब्दात सावकारीचा सगळा काच आहे. राजानं तो ओळखला आणि कारभाऱ्याला त्यापासून अडवलं. 'रयतेचा राजा' या शब्दांना वजन येतं ते अशा मजकुरामुळे.

दुसरं एक पत्र फौजेच्या अधिकाऱ्यांना आहे. शिपाई गावात शिरून कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटे, अशी यादीच त्यात दिली आहे. तिथे ज्याच्या घरून हे उचललं जाणार, त्याच्यासाठी शब्द आहे 'कुणबी'.

भर (रामटेकहून)

कुणबी शब्द निघाला म्हणून लिहितो. हा 'कुटुंबिन्' वरून आला, घरदार असलेला गृहस्थ. विदर्भातल्या वाकाटक राजघराण्याच्या ताम्रपटांत तो भेटतो. राणी प्रभावतीगुप्ता हिचा एक दानपट नंदिवर्धनाहून, म्हणजे आमच्या रामटेकजवळच्या नगरधनहून दिलेला आहे. त्यात ती गावच्या कुटुंबिनांना आणि ब्राह्मणादिकांना आधी कुशल म्हणते आणि मग आज्ञा सांगते. राजशासनात 'कुशलमुक्त्वा' ही पद्धतच होती, तरी आपल्या मातीतला दीड हजार वर्षांपूर्वीचा तो शब्द आजही चालतो याचं मला फार अप्रूप आहे. कालिदासाच्या 'मेघदूता'तला रामगिरी म्हणजे रामटेक हे मत नागपूरच्या वा. वि. मिराशींनी हिरिरीनं मांडलं, तेव्हा कालिदासाची 'प्रजा' आणि ताम्रपटातले 'कुटुंबिन्' हे दोन्ही शब्द आमच्याच टेकडीच्या आसपासचे म्हणायला हरकत नाही.

मत (भंडाऱ्याहून)

तुमचं सगळं बरोबर असंन जी, पण आमच्याकडे रयत कोणी म्हणतच नाही. माह्या आज्याले विचारलं तर तो म्हणे, आपण कास्तकार. कुणबी म्हटलं तर आता जात समजते लोक. पुस्तकात शेतकरी, घरी कास्तकार. रयत म्हटलं का आमाले पश्चिम महाराष्ट्रच दिसते, ती शाळावाली संस्था.

उत्तर (महाल, नागपूर)

भाऊ, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलं. रामटेकच्या मित्रानंही वाट त्याच दिशेनं नेली आहे.

मला या सगळ्या चर्चेत एकच गोष्ट आग्रहानं मांडायची आहे. जुनं वाङ्मय वाचताना शब्दाचा अर्थ कोशात बघण्याआधी तो कोणाच्या तोंडचा आहे ते बघा. 'प्रजा' आणि 'रयत' हे शब्द वरून खाली बघताना सुचलेले आहेत. कुठला शेतकरी धुऱ्यावर उभा राहून स्वतःची ओळख 'मी प्रजा' अशी करून देईल? स्वतःबद्दल बोलताना माणूस निराळा शब्द वापरतो.

तुकोबांचा अभंग घ्या : 'बरें देवा कुणबी केलों । नाहीं तरि दंभेंचि असतों मेलों'. घरात वाण्याचा व्यवसाय, महाजनकी, तरी स्वतःला म्हणवून घेतात कुणबी, आणि ते देवाला सांगतात, राजाला नाही. इथे कुणबी शब्दात घेणंदेणं किंवा वसुली नाही. विद्येचा आणि वर्णाचा जो दंभ त्यांना अवतीभवती दिसत होता, त्यापासून आपण वाचलो याचा आनंद त्यात आहे. खालचा मानलेला शब्द त्यांनी हौसेनं अंगावर घेतला. मराठी वाङ्मयातला सामाजिक विचार मला अशा जागी सापडतो. 'समाज' हा शब्द न उच्चारता केलेलं ते सामाजिक विधान आहे.

सव्वादोनशे वर्षांनी जोतीराव फुल्यांनी या प्रवाहाला आणखी मोठं वळण दिलं. १८६९ च्या पोवाड्यात त्यांनी शिवाजी महाराजांना 'कुळवाडीभूषण' म्हटलं. कुळवाडी म्हणजे जमीन कसणारा. आता या समासाची रचना बघा. 'प्रजापालक' म्हणताना पालक कर्ता, प्रजा कर्म. 'गोब्राह्मणप्रतिपालक' मध्येही तसंच. 'कुळवाडीभूषण' मध्ये पालनपोषणाची भाषाच नाही. राजा कुळवाड्यांपैकी आहे, त्यांना शोभा आणणारा आहे. राजाचा मोठेपणा मोजायचं माप त्यांनी कसणाऱ्याच्या हाती दिलं. तोवरच्या बिरुदांत असं उलटं माप मला आढळत नाही. पुढे १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये हाच शेतकरी मजकुराच्या मध्यभागी येतो, कर्जासकट, उपाशी पोटासकट.

तरी 'रयत' ला मी कमी लेखणार नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमाराच्या लाकडाचं प्रकरण आहे. आंबा-फणसाचं लाकूडही जहाजांना उपयोगी, पण त्या झाडांना हात लावू देऊ नये, असं ते बजावतात. का, तर रयतेनं ती झाडं 'लेकरांसारखी बहुत काळ जतन करून' वाढवलेली असतात. ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पारावार राहणार नाही. कालिदासाकडे लोक राजाची लेकरं होते. इथे रयतेची स्वतःची लेकरं आहेत, झाडांच्या रूपानं, आणि राज्यानं त्या मायेपुढे थांबायचं आहे. वरून आलेला शब्द असूनही अमात्यांनी तो वापरला तेव्हा नजर खाली उतरून त्या माणसाच्या अंगणात गेली होती. शब्द कोणाच्या तोंडी, हे मी म्हणतो ते याचसाठी : तोच शब्द एकाच्या हातात वसुलीचा असतो आणि दुसऱ्याच्या हातात कळवळ्याचा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये संस्थेच्या नावात 'रयत' घातला तेव्हा तर तो अभिमानाचाच झाला.

आणि 'जनता' चं म्हणाल तर बाबासाहेब आंबेडकरांच्या वृत्तपत्रांची नावं ओळीनं म्हणून बघा : १९२० 'मूकनायक', १९२७ 'बहिष्कृत भारत', १९३० 'जनता', १९५६ 'प्रबुद्ध भारत'. ज्यांना बोलू दिलं नाही ते, ज्यांना बाहेर ठेवलं ते, मग जनता, मग जागे झालेले. 'मूकनायक' वर तुकोबांच्याच ओळी छापल्या जात. शेवटचं नाव आलं त्याच वर्षी दीक्षाभूमीवर काय घडलं, ते नागपूरकरांना सांगायला नको.

शंका (सक्करदरा, नागपूर)

मग 'प्रजासत्ताक दिन' म्हणताना प्रजा कशी चालते? राजा तर उरला नाही.

उत्तर (महाल, नागपूर)

चालते, आणि मला ते नाव आवडतं. हिंदीत 'गणतंत्र' म्हणतात, नागपुरात दोन्ही कानावर येतात. मराठीनं मात्र ज्या शब्दात अधीनता होती त्यालाच सत्ता जोडली. पण सुट्या 'प्रजा' चा उपयोग आजच्या संदर्भात टाळावा. आमदार किंवा मंत्री 'माझी प्रजा' म्हणाला तर ते चूकच. तिथे नागरिक, मतदार, जनता.

मत (भंडाऱ्याहून)

अन् मालगुजार? तो कोणाच्या तोंडचा शब्द?

उत्तर (महाल, नागपूर)

हा तर आपल्या भागाचा खास शब्द. फारसीत माल म्हणजे इथे महसूल, गुजार म्हणजे भरणारा. मालगुजार = सरकारात महसूल भरणारा. भोसल्यांच्या अमलात गावचा वसूल पाटील गोळा करी. इंग्रजांनी १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात मालगुजारांना गावाची मालकी दिली, आणि 'भरणारा' हा अर्थ मागे पडून 'गावाचा मालक' हा अर्थ पुढे आला. वऱ्हाडात रयतवारी, नागपूर-भंडारा-चांद्याकडे मालगुजारी. तुमच्या आजोबांच्या तोंडी रयत नसण्याचं एक कारण मला हेच दिसतं. कसणारा थेट सरकारची रयत नव्हता, मध्ये मालगुजार होता. त्याची स्वतःची जमीन 'सीर' आणि 'खुदकास्त', आणि या कास्तचाच तुमचा कास्तकार : फारसी 'काश्त', पेरणी. पेरणारा तो कास्तकार. वसुलीचा, अधीनतेचा कसलाही गंध नसलेला शब्द आहे, तो जपा.

मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली. तळी सरकारकडे आली आणि 'माजी मालगुजारी तलाव' झाली, त्यांचेच आज 'मामा तलाव'. बाहेरच्यांना वाटतं कोणा मामाचं तळं असेल, म्हणून लिहिताना पहिल्यांदा पूर्ण नाव देत चला. त्या तळ्यांच्या पाण्यावर, गायरानावर, सरपणावर गावाचा जो वहिवाटीचा हक्क, त्याला 'निस्तार' म्हणतात. गावच्या निस्तारपत्रकात तो नोंदलेला असतो. निस्तार म्हणजे निभाव, तरून जाणं. हा शब्द कोशांपेक्षा गावच्या दप्तरात आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यात जास्त सापडेल. आजोबांना विचारून त्यांच्या गावी कशाकशाचा निस्तार चालायचा ते इथे लिहा.