करडांची हगवण : अँटिबायोटिकऐवजी ओवा, बाभूळ वगैरे चालतं का?

प्रश्न : करडं दूध तोडायच्या वेळेला हमखास हगतात, दरवेळी अँटिबायोटिक पाजायचा कंटाळा आलाय आणि आता म्हणे त्याचा गुणही कमी येतो. झाडपाल्याने खरंच काही होतं का, की नुसत्या गप्पा?

उत्तर १ : आधी हगवण कशाची ते बघा ना. त्या वयात बहुतेकदा कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) नाहीतर जंत असतात, जंतावर अँटिबायोटिक मुळात चालतच नाही. लेंडी तपासून घ्या. खालची पापणी उलटून बघा, पांढरीफटक असेल तर रक्त पिणारे जंत समजा.

उत्तर २ : गप्पा नाहीत. ओव्यात थायमॉल असतं, ते जिवाणूच्या पेशीचं आवरणच फोडतं. पण ओव्याचं तेल जास्त झालं की पोटातले चांगले जिवाणूही मरतात, रवंथ मंदावतं, म्हणून अंदाजपंचे पाजू नका. बाभळीच्या पाल्यात टॅनिन म्हणजे तुरट द्रव्य असतं, त्याने जंतांचा जोर कमी होतो, शेळीला ते गाईपेक्षा बरं पचतं, पण पोटभर तेच दिलं तर खाणं कमी होतं आणि प्रथिनंही नीट पचत नाहीत.

उत्तर ३ : युरोपात वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं २००६ पासून बंद आहे, तेव्हापासून या वनस्पती-अर्कांना जोरात मागणी. पण ते रोज खाद्यातून द्यायचं काम. ताप चढलाय, धाप लागलीय, न्यूमोनियासारखं दिसतंय तर काढा उकळत बसू नका, डॉक्टर बोलवा आणि दिलेला कोर्स पुरा करा.

प्रश्नकर्ता : लेंडी तपासायला देतो आधी. ओव्याचं तेल तूर्तास राहू दे.