डेबियन १२ वरून १३ : गाइड एकच लिहू की दोन?

ओसरीवरचा
आमच्या वाचनालयात नऊ कॉम्प्युटर आहेत, सगळ्यांवर डेबियन १२ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम. रविवारी जाऊन मीच बघतो. आता १३, म्हणजे ट्रिक्सीवर न्यायचेत, पण माझी बदली झालीय. म्हणून गाइड लिहून ठेवतोय. वाचणार दोघं : ग्रंथपाल मॅडम, ज्या टर्मिनलला 'काळी खिडकी' म्हणतात, आणि माझा चुलतभाऊ, जो कंपनीत सर्व्हर सांभाळतो.

एकच गाइड लिहिली, अकरा पानं झाली. 'सोर्सेस फाइलमध्ये बुकवर्मच्या (म्हणजे १२ च्या) जागी ट्रिक्सी करा' इथं मॅडम अडकल्या. "कुठली फाइल? आणि किती ठिकाणी?" भाऊ म्हणतो, "मला बदललंय काय तेवढं सांग." मग जाणकारांसाठी वेगळ्या चौकटी टाकल्या, तर मॅडम चौकटीसुद्धा इमानदारीत वाचत बसल्या. काय करू?

कुळथाचं पिठलं
दोन कर. आणि मॅडमची गाइड म्हणजे भावाचीच फोड करून लांबवलेली नको. त्यांना समोर काय दिसेल ते हवं.

उदाहरण सांगतो. अपग्रेड मधेच थांबतं आणि विचारतं, ही कॉन्फिगरेशन फाइल बदललेली दिसते, नवी घेऊ की तुमची ठेवू? नुसतं एंटर दाबलं तर जुनीच राहते. जाणकार 'डी' दाबून फरक बघतो आणि पुढे जातो, त्याला एक ओळही जास्त झाली. नवख्याला वाटतं मशीन लटकलं. आमच्या ऑफिसात एकानं तिथंच पॉवरचं बटण दाबलं. अर्धवट राहिलेलं इन्स्टॉल पूर्ण करणारी 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही कमांड चालवून सावरलं, पण अख्खी संध्याकाळ गेली. त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढ, छाप, खाली लिही : 'घाबरू नका, एंटर दाबा.' एवढ्याला पान गेलं तरी जाऊ दे.

रूट_पण_नम्र
मी तुझ्या भावाच्या जातकुळीतला. कमांड नकोत, त्या रिलीज नोट्समध्ये आहेत. मला अर्धं पान पुरे : तात्पुरत्या फायलींचं टेम्प फोल्डर आता मुळातच रॅममध्ये, म्हणजे रीबूट झालं की त्यातलं गेलं. ११ वरून थेट १३ वर उडी नाही, मधे १२ घ्यायचंच. तुमच्या मशीनांवर तू स्वतः काय वेगळं करून ठेवलंयस, ते मात्र सविस्तर लिही, कारण ते दुसरीकडे कुठंच सापडणार नाही.

आणि हो, ३२-बिट एकही नाही ना? ट्रिक्सीत त्याला इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही (सिस्टिमचा गाभा) नाही. 'डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर' चालव. उत्तर 'आय३८६', म्हणजे ३२-बिट, आलं तर अपग्रेड करायचंच नाही. प्रोसेसर ६४-बिट असेल तर नव्यानं इन्स्टॉल करा. मॅडमच्या गाइडची पहिली ओळ हीच हवी, कुठल्या मशीनला हात लावायचा नाही.

ओसरीवरचा
अरे बापरे, दोन निघाली! दाराजवळची, देणगीतली. प्रोसेसरही जुनाच, त्यामुळे ती बारावरच राहतील. अकरा पानांत मी याबद्दल चकार शब्द लिहिला नव्हता.

त्या दोन्हींवर मॅडमनी लाल टिकली लावलीय. आता गाइड म्हणते, 'टिकली असेल तर पुढचं मशीन बघा.' फोटोचं पानही झालं. भावाचं अर्धं पान वेगळं.

पण काल मॅडमनी विचारलं, "मधेच लाइट गेली तर?" आमच्याकडे गुरुवारी जातेच. नऊ मशीनांना यूपीएस एकच आहे, तोही झेरॉक्सला जोडलेला. तो सोडवून आधी कुठल्या मशीनला लावायचा, तेच लिहीत बसलोय.