प्रोग्रॅमच्या अटी मांडायला रेषीय काळ पुरेसा आहे

धागालेखक: दोन प्रोसेसनी (एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रॅमनी) एकाच वेळी लॉकच्या, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाच्या, आत शिरू नये, ही अट कोणालाच आत न सोडणारा लॉकही पाळतो. म्हणून ‘जी थांबली आहे तिला कधी ना कधी आत जायला मिळेलच’ अशी दुसरी अट घालावी लागते आणि तिथे काळाची भाषा अपरिहार्य ठरते. अमीर प्नुएली यांनी १९७७ मध्ये प्रोग्रॅमसाठी काळाचे तर्कशास्त्र (रेषीय काळाचे, म्हणजे एलटीएल) मांडले, तेव्हा प्रोग्रॅमची प्रत्येक धाव ही स्थितींची एक सरळ ओळ मानली होती. अटी लिहिण्यासाठी आजही तेवढेच पुरते आणि सीटीएल या दुसऱ्या तर्कशास्त्रातला, प्रत्येक स्थितीतून पुढे अनेक वाटा मानणारा फांद्या फुटणारा काळ त्यासाठी वापरू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १: मी सहमत नाही. ‘यंत्रणा कोणत्याही स्थितीत असो, तिथून रीसेटपर्यंत नेणारी एक तरी वाट असावी’ ही अगदी व्यवहारातली अट एलटीएलमध्ये लिहिताच येत नाही; कारण रीसेट होईलच असे आपल्याला म्हणायचे नसते, करता येईल एवढेच म्हणायचे असते. शिवाय यंत्रणा अट पाळते का, याची सीटीएलमधली तपासणी सूत्राच्या (लिहिलेल्या अटीच्या) लांबीच्या प्रमाणात वाढते, एलटीएलची मात्र घातांकाने.

धागालेखक: रीसेटचा मुद्दा रास्त आहे. घातांकाची भीती मात्र अवाजवी वाटते, कारण सूत्र ओळ-दोन ओळींचे असते, अवाढव्य असते ते मॉडेल, म्हणजे यंत्रणेच्या सगळ्या स्थितींचा आणि वाटांचा नकाशा, आणि मॉडेलच्या आकाराबाबत दोन्हींचा खर्च सारखाच, रेषीय वाढतो. सीटीएलची खरी अडचण वेगळी आहे. अ, ब, क या तीन स्थिती घ्या. अ आणि क मध्ये दिवा हिरवा, ब मध्ये लाल. अ मध्ये हवे तितके थांबता येते किंवा ब कडे जाता येते, ब वरून क, आणि क मध्ये कायमचा मुक्काम. कोणतीही धाव पाहा, शेवटी दिवा कायमचा हिरवाच राहतो. तरीही ‘प्रत्येक वाटेवर अशी स्थिती येते, जिच्यापुढे सर्वच वाटांवर हिरवा’ हे सीटीएलचे सूत्र इथे खोटे ठरते, कारण अ मध्येच राहणाऱ्या धावेला ब कडची फांदी क्षणोक्षणी फुटतच असते. ही साधी अट सीटीएलच्या कोणत्याच सूत्रात बसत नाही.

प्रतिसाद २: इमर्सन आणि हाल्पर्न यांच्या सीटीएल-स्टारमध्ये, म्हणजे एलटीएल आणि सीटीएल दोन्हींना सामावणाऱ्या तर्कशास्त्रात, दोन्ही अटी मावतात, मग वाद कशाला?

धागालेखक: मावतात, पण सूत्र लिहिणाऱ्या अभियंत्याला ते सहा महिन्यांनी वाचताही आले पाहिजे.

प्रतिसाद १: वाचनीयतेपायी रीसेटची अट सोडून देणे मला मान्य नाही. कोणतीही प्रोसेस अडकलेली नाही, सगळ्या फिरताहेत, पण मूळ स्थितीकडे जाणारी वाटच उरलेली नाही, हा दोष रेषीय सूत्रातून निसटतो आणि तो शोधण्यासाठी मला फांद्या लागतातच.