मदत हवी आहे: मुंबई राज्याच्या १९५७ विधानसभेचा जिल्हावार तक्ता जुळत नाही

आकडेमोड
जिल्हावार निकालाचा तक्ता करतोय. जागा ३९६, माझी बेरीज ३३९ वर अडते. काँग्रेसही कमी भरते. काही मतदारसंघांत मतदान १०० टक्क्यांच्या वर, सांगलीची ओळ कोरी, संयुक्त महाराष्ट्र समितीचा रकाना शून्य. निवडणूक आयोगाचा अहवालच चुकलाय का? तक्ता उद्या द्यायचाय, लवकर सांगा.

कुलाबकर
अहवालाला दोष देण्याआधी एवढं सांगा: गुजरात धरून की सोडून? जिल्हे तेव्हाचे की आजचे? विजेते जिल्ह्याच्या पानावर कसे आणता, हाताने की सूत्राने?

वऱ्हाडी_ठेचा
१९६२ घ्या ना सरळ. जागा २६४, काँग्रेस २१५, शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) १५, प्रसप (प्रजा समाजवादी पक्ष) ९, कम्युनिस्ट ६, रिपब्लिकन ३, समाजवादी १, अपक्ष १५. सगळे एकसदस्यीय, कटकट नाही.

कुलाबकर
त्यांनी ५७ विचारलंय.

आकडेमोड
सगळं द्विभाषिक मुंबई राज्य. जिल्हे आजचे. सूत्राने, एक्सेलच्या व्हीलुकअपने, मतदारसंघ क्रमांकावर शोधून. त्याने काय फरक पडतो?

दोनमती
तिथेच फरक पडतो. ३३९ हे मतदारसंघ आहेत, जागा नाहीत. त्यांतले ५७ द्विसदस्यीय होते, म्हणजे दोन आमदार, त्यांतली एक जागा अनुसूचित जाती किंवा जमातीसाठी राखीव: २८२ + ११४ = ३९६. व्हीलुकअप पहिली जुळणी मिळाली की थांबतो, त्यामुळे ५७ जागी दुसरा विजेता गळतो.

ओळ मतदारसंघाची नको, विजेत्याची करा. क्रमांकाशेजारी 'जागा' रकाना घाला, त्यात १ किंवा २. दोन्ही जोडून किल्ली बनवा (४५-१, ४५-२). जिल्हा मात्र नुसत्या मतदारसंघ क्रमांकावरूनच आणा, तिथे व्हीलुकअप चालेल. मग काउंटइफ्स सूत्राने किंवा पिव्हट तक्त्याने मोजा. आधी पूर्ण राज्याची बेरीज तपासा: काँग्रेस २३४, प्रसप ३६, शेकाप ३१, कम्युनिस्ट १३, शेकाफे (शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन) १३, जनसंघ ४, हिंदू महासभा १, अपक्ष ६४. हे जुळल्याशिवाय जिल्ह्यांना हात लावू नका.

घाटावरचा
पिव्हट कशाला? ३९६ ओळी तर आहेत. छापून घ्या नि पेन्सिलीने खुणा करा, तासाभरात होतं. सूत्रांनीच घोळ झालाय.

दोनमती
पेन्सिलीने केलेली चूक दुसऱ्याला शोधता येत नाही.

मतदानाचं: द्विसदस्यीय मतदारसंघात प्रत्येकाला दोन मतं होती, दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. वैध मतांना मतदारसंख्येने भागलं तर शंभरी ओलांडणारच. तिथे आधी मतं निम्मी करा. तरी आकडा थोडा कमीच येईल, कारण काहींनी एकच मत दिलं. म्हणून त्या ओळींना खूण ठेवा, नाहीतर जिल्ह्याची सरासरी बिघडते.

आकडेमोड
बरं, मग दोघांपैकी राखीव जागेवरचा कोण? दुसऱ्या क्रमांकाचा ना?

कुलाबकर
नाही, ही ठरलेली चूक. आधी राखीव गटातल्या सर्वाधिक मतांच्या उमेदवाराला राखीव जागा. मग उरलेल्या सगळ्यांत जो पुढे, त्याला दुसरी, तोही राखीव गटातला असू शकतो. १९५७ लाच लोकसभेच्या पार्वतीपुरम मतदारसंघात दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना गेल्या नि व्ही. व्ही. गिरी पडले. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये तो निकाल कायम ठेवला.

वऱ्हाडी_ठेचा
पडण्यावरून आठवलं, १९५२ ला मोरारजी १९ मतांनी पडले आणि तरी मुख्यमंत्री झाले.

घाटावरचा
झालं, धागा भरकटला. समितीचं कुणी सांगणार का? प्रसप, शेकाप, कम्युनिस्ट, शेकाफे यांची बेरीज म्हणजे समिती. संपलं.

कुलाबकर
अजिबात नाही. प्रसपच्या ३६ मध्ये गुजरातकडचेही आहेत, ते समितीचे कसे? उलट समितीचे काही जण अपक्ष म्हणून नोंदलेत, दादरचे आचार्य अत्रेच घ्या. संयुक्त महाराष्ट्र समिती हा अहवालात पक्षच नाही, महागुजरात जनता परिषदेचंही तेच. दोन रकाने ठेवा, 'नोंदलेला पक्ष' आणि 'आघाडी'. दुसरा रकाना उमेदवारागणिक त्या वेळच्या वर्तमानपत्रांतल्या याद्यांवरून भरा, सूत्राने भरू नका.

आणि शेकाफेच्या जागी 'रिपब्लिकन' लिहू नका. तो पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ ला स्थापन झाला, निवडणुकीनंतर.

घाटावरचा
माणसं तीच होती.

कुलाबकर
चिन्हावर निवडून आलेला पक्ष लिहायचा असतो.

आकडेमोड
आणि सांगली?

दोनमती
तेव्हा दक्षिण सातारा. लातूर, जालना, सिंधुदुर्ग, गडचिरोली, वाशीम, नंदुरबार, हिंगोली, गोंदिया, पालघर यांच्याही ओळी अशाच कोऱ्या येतील. जळगाव म्हणजे पूर्व खानदेश, धुळे-नंदुरबार मिळून पश्चिम खानदेश, रायगड म्हणजे कुलाबा, चंद्रपूर-गडचिरोली मिळून चांदा. नव्या जिल्ह्यांत वाटायचा हट्ट सोडा. तेव्हाचे मतदारसंघ आजच्या सीमांवर थांबत नाहीत, कापले तर मतं कुठून वाटणार? मराठी मुलखाचे २६ जिल्हे ठेवा: विदर्भ ८, मराठवाडा ५, बाकी १३. मतदारसंघ कोणत्या तालुक्यांचा होता ते १९५६ च्या परिसीमन आदेशात मिळेल.

वऱ्हाडी_ठेचा
५२ शी तुलना करणार असाल तर विदर्भ मध्य प्रदेशच्या विधानसभेत शोधा, मराठवाडा हैदराबादच्या. जुन्या मुंबईच्या ३१५ मध्ये दोन्ही नाहीत, उलट बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार आहेत.

कुलाबकर
हे मात्र कामाचं बोललात.

आकडेमोड
३९६ जुळले, काँग्रेस २३४ बरोबर. आता मराठी भाग २६४, गुजरात १३२ असा तोडायचाय. डांग कुठे? उंबरगाव?

दोनमती
डांग गुजरात. उंबरगाव ५७ ला ठाणे जिल्ह्यात होता, १९६० मध्ये त्याचा मोठा भाग पलीकडे गेला, पश्चिम खानदेशातली काही गावंही गेली. निकाल ५७ चा आहे ना? मग ठाण्यातच ठेवा आणि तळटीप द्या.

घाटावरचा
तळटीप कुणी वाचत नाही.