अभिनयाच्या वर्गात सगळ्यांना सामावून घेणं विरुद्ध बाहेरचं ऑडिशन

विंगेतून
२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव ठेवल्या. आपल्या कलिन्यात, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या संकुलात, नाट्यशिक्षण सुरू झालं २००३ साली, म्हणजे कायद्याआधी. दार उघडलं, पण अभिनयाच्या वर्गांतल्या सूचना बहुतेक ठिकाणी जुन्याच आहेत. "उभे राहा, पायांत खांद्याएवढं अंतर" म्हटलं की व्हीलचेअरवरचा विद्यार्थी पहिल्याच मिनिटाला प्रेक्षक होतो. त्याऐवजी व्यायाम कशासाठी आहे ते सांगा: वजन एका बाजूला न्या, दिशा बदला, थांबा. हे प्रत्येकाला आपापल्या शरीराने करता येतं. तसंच वाचनाचं. ज्याला अक्षरं जुळवायला वेळ लागतो त्याला संहिता दोन दिवस आधी द्या, मोठ्या टायपात किंवा ध्वनिमुद्रित. अभिनय तपासायचा असेल तर डोळ्यांचा वेग कशाला मोजायचा?

आरामनगर_लोकल
पटत नाही. वर्सोव्यात ऑडिशनला गेल्यावर ओळी तिथेच हातात पडतात. दहा मिनिटांत पाठ करायच्या, कॅमेऱ्यासमोर नाव, वय, उंची सांगायची, चेहऱ्याच्या दोन्ही बाजू (प्रोफाइल) दाखवायच्या, की टेक. वर्गात दोन वर्षं दर वेळी आधीच संहिता मिळालेला मुलगा तिथे अडकणारच. मालिकांत नायक-नायिका प्रमाण मराठी बोलतात, बोली बहुधा विनोदी पात्राच्या वाट्याला येते. हे चूक आहे, मान्य. पण विद्यार्थ्याला त्यासाठी तयार न करता बाहेर सोडणं जास्त क्रूर आहे.

खर्जातला
बोली आणि वाचिकातला, म्हणजे संवाद बोलण्यातला, दोष यांची गल्लत होतेय. 'ण'चा 'न' होणं ही बोली. वाक्य संपण्याआधी श्वास संपणं हा दोष, आणि मराठीत तो फार महागात पडतो, कारण क्रियापद आणि 'नाही' दोन्ही शेवटी येतात. "मी त्याला मारलं नाही" मधलं 'नाही' दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं नाही तर खून झाला! मालवणीत बोला की अहिराणीत, उपाय एकच: श्वास बरगड्यांत धरायचा आणि शेवटच्या शब्दासाठी राखायचा. क्रम असा ठेवावा: उतारा आधी घरच्या बोलीत, मग प्रमाण मराठीत, मग हिंदीत. भाव आधी बोलीत पक्का झाला की प्रमाण भाषेत तो पाठ केल्यासारखा वाटत नाही. उलट क्रमाने गेलं की पहिल्या सत्रातच मुलं गप्प होतात.

तिसरी_घंटा
रॅम्पचं गणित आधी करा. उतार १:१२ हवा. रंगमंच ९० सेंमी उंच असेल तर रॅम्प १० मीटर ८० सेंमी लांब, शिवाय मध्ये सपाट टप्पा. विंगेत एवढी जागा कुठली? वर्गनाट्य जमिनीवरच बसवा. आणि तालीम रात्री साडेनऊला संपवा, कर्जत-विरारची मुलं शेवटच्या गाडीच्या धास्तीत संवाद विसरतात.

आरामनगर_लोकल
@खर्जातला, क्रम पटला. पण माझा मूळ मुद्दा पोटापाण्याचा आहे. नाटकात नाईट, म्हणजे मानधन, प्रयोगाप्रमाणे मिळते, प्रयोग रद्द तर नाईट नाही. मालिकेचं मानधन दिवसावर, आणि हातात यायला अनेकदा ९० दिवस. मधल्या काळात डबिंग आणि शाळांतली नाट्यशिबिरं हाच आधार. हे पहिल्या सत्रात सांगा, शेवटच्या नको. ज्याच्या घरून भाड्याचे पैसे येत नाहीत त्याला हे सगळ्यात आधी कळायला हवं. नुसतं वर्गात सामावून घेऊन त्याचं भाडं भरलं जाणार नाही.

विंगेतून
हे पूर्ण मान्य. मग वर्गातलं पात्रवाटपही याच पोटापाण्याच्या हिशेबात धरा. सावळ्या मुलीला तिन्ही नाटकांत मोलकरीण दिली तर तिच्या शोरीलमध्ये (कामाचे नमुने दाखवणाऱ्या चित्रफितीत) दुसरं दाखवायला काही उरत नाही, आणि हे नुकसान बाजाराच्या आधी आपण केलेलं असतं. प्रत्येकाला दोन वर्षांत एक मोठी भूमिका, एक बोलीतली, एक स्वतःच्या वयाबाहेरची. आयत्या वाचनाचा, म्हणजे तिथेच हातात आलेल्या ओळी वाचण्याचा, सराव आठवड्यातून एकदा जरूर घ्या, सगळ्यांकडून. त्याचे गुण मात्र वेगळे ठेवा, अभिनयाच्या गुणांत मिसळू नका.

आरामनगर_लोकल
गुण वेगळे, चालेल. पण सराव आठवड्यातून तीनदा. एकदाने हात बसत नाही.